पासंग कोणाच्या पारड्यात?

वाचकाचे पत्र

मी ठाणे पूर्वेला कोपरीत राहतो आणि ऐरोलीतील एका कंपनीत हिशेब विभागात काम करतो. घरी पत्नी, नववीतला मुलगा आणि वडील आहेत. वडील माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असत. निवृत्त होऊन त्यांना सोळा वर्षे झाली. गेल्या महिन्यात सवलतीच्या दरात ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हा, जगाच्या नकाशावर इतिहासातले एखादे राज्य चालवण्याचा, संगणकावरचा खेळ घेतला. रात्री जेवणे उरकली की साडेनऊ ते साडेदहा आम्ही तिघे एकाच लॅपटॉपसमोर बसतो. विजयनगर घेऊन तीनदा डाव मांडला आणि तिन्ही वेळा मोडला. मुलाने कोठून तरी ऐकून ‘व्हेरी हार्ड’ ही सर्वांत कठीण पातळी आणि मागे जाऊ न देणारा ‘आयर्नमॅन’ प्रकार निवडला आहे. सोप्या पातळीवर खेळणे म्हणजे लबाडी, असे त्याचे म्हणणे. वडिलांची तक्रार वेगळीच आहे. दुसऱ्या डावात १५१० च्या सुमारास दिल्लीवर भलत्याच राज्याचा रंग चढलेला पाहून ते खुर्चीवरून उठून गेले. तिसऱ्या डावात आम्ही बहमनी राज्याचे पाच प्रांत एकदम जिंकले, तर माळवा, गुजरात आणि आणखी दोघे एकत्र येऊन आमच्यावर तुटून पडले. शिवाय लॅपटॉप तासाभरात मांडीवर ठेवता येणार नाही इतका तापतो. खेळ इतिहासाला धरून चालावा, आम्हाला जमावा आणि यंत्रालाही झेपावा, अशी सर्वांत चांगली सेटिंग कोणती?

एक वाचक, कोपरी

उत्तर

प्रश्न तुम्ही एकच विचारला आहे, पण तो तीन माणसांचा आहे. चिरंजीवांना लढत हवी आहे, वडिलांना इतिहास हवा आहे आणि तुम्हाला, पत्राच्या सुरावरून मला वाटते, दिवसभराच्या ताळेबंदानंतर एक निवांत तास हवा आहे. या तिघांना सारखीच पुरेल अशी सेटिंग खेळात नाही. मात्र रोज रात्री एका लॅपटॉपसमोर तिघे बसणार असतील तर कोणाचे कोठे ऐकायचे, हे ठरवता येते. आणि तेवढे ठरले की बाकीच्या निवडी फारशा अवघड राहत नाहीत.

सुरुवात चिरंजीवांच्या मुद्द्यापासून करतो, कारण त्यातला गैरसमज सार्वत्रिक आहे. काठिण्याची पातळी वाढवली की समोरचा संगणक अधिक हुशार होतो, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. जुन्या वाण्याच्या तराजूची दोन पारडी समतोल नसली की हलक्या बाजूला एक खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधलेला असे. त्याला पासंग म्हणत. या खेळातल्या पाच पातळ्या म्हणजे त्या पासंगाच्या पाच जागा आहेत. ‘व्हेरी इझी’ आणि ‘इझी’ला तो तुमच्या पारड्यात पडतो, ‘हार्ड’ आणि ‘व्हेरी हार्ड’ला संगणकाच्या राज्यांच्या, आणि मधल्या ‘नॉर्मल’ला कोणाच्याच नाही. संगणकाची बुद्धी मुळात तीच राहते. तिला फक्त सवलती मिळतात. ‘सिव्हिलायझेशन ६’ मध्येही असेच आहे. तिथल्या आठ पातळ्यांपैकी ‘प्रिन्स’ ही समतोल पातळी, आणि सर्वांत वरच्या ‘डेइटी’ला तुम्ही एका वसाहतकर्त्यांच्या टोळीने राज्य मांडायला निघता तेव्हा प्रतिस्पर्धी तीन टोळ्या घेऊन आधीच बसलेला असतो. अपवादही आहेत. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ च्या २०१९ च्या नव्या आवृत्तीतला संगणक वरच्या पातळीवर खरोखरच जास्त नीट खेळतो, त्याला फुकटचे धान्य आणि लाकूड लागत नाही. पण तुम्ही घेतलेला खेळ त्या जातीचा नाही.

म्हणून ‘सोपे म्हणजे लबाडी’ हे वाक्य चिरंजीवांनी उलटे धरले आहे, असे त्यांना माझ्या वतीने सांगावे. लबाडी म्हणायचीच असेल तर ती दोन्ही टोकांना आहे, आणि ‘व्हेरी हार्ड’ला ती संगणक करतो. खेळ नीट समजलेल्या माणसाने ती मुद्दाम ओढवून घ्यावी, त्यात मजा आहे. पण कर, व्यापार, सैन्यभरती आणि मुत्सद्देगिरी यांतले काहीच हाताखालून गेलेले नसताना ती घेतली, तर डाव मोडल्यावर आपण कोठे चुकलो हेसुद्धा कळत नाही, कारण चूक आणि पासंग एकमेकांत मिसळून जातात. तुम्ही हिशेब विभागात आहात. दोन खात्यांतल्या चुका एकाच आकड्यात आल्या म्हणजे काय होते, ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा पहिल्या पूर्ण डावासाठी ‘नॉर्मल’ घ्या. ‘इझी’ची गरज नाही, कारण विजयनगर हे दक्षिणेतले काही दुबळे राज्य नव्हे.

आता वडिलांकडे वळतो, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

खेळ सुरू होतो ती तारीख ११ नोव्हेंबर १४४४. ती सहज निवडलेली नाही. त्याच्या आदल्याच दिवशी, १० नोव्हेंबरला, काळ्या समुद्राकाठी वार्ना येथे ऑटोमन सुलतानाने ख्रिस्ती राजांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला आणि पोलंड व हंगेरीचा तरुण राजा रणात पडला. खेळ तयार करणाऱ्या स्वीडिश मंडळींनी जग त्या क्षणी जसे होते तसे नकाशावर मांडले. आपल्याकडे त्या दिवशी विजयनगरच्या गादीवर दुसरा देवराय होता आणि बिदरहून बहमनी सुलतान राज्य करत होता. दोघांमधले ताजे युद्ध संपून जेमतेम वर्ष झाले होते. दिल्लीत सय्यद घराण्याचा मावळता काळ चालू होता. माळवा, गुजरात, खानदेश, जौनपूर अशी वेगवेगळी राज्ये आपापल्या हद्दी राखून होती. हे सगळे नकाशावर आहे, आणि एकेका राज्यावर क्लिक करून त्याचा राजा, धर्म, प्रांत आणि शेजारी वाचता येतात.

पण घड्याळ चालू केले की पुढच्या क्षणापासून तो इतिहास राहत नाही. खेळाला १५२६ चे पानिपत ठाऊक नाही, १५६५ ची तालिकोटची लढाईही ठाऊक नाही. त्याला फक्त परिस्थिती ठाऊक आहे. देवराय १४४६ मध्ये वारला, पण तुमच्या डावात तो आणखी वीस वर्षे जगू शकतो किंवा पहिल्याच पावसाळ्यात जाऊ शकतो. कॉन्स्टँटिनोपल बहुतेक डावांत ऑटोमनांच्या हाती पडते, पण १४५३ लाच पडेल असे नाही. मुघल साम्राज्य तर आपोआप येतच नाही. मध्य आशियातल्या कोणा तैमूरवंशी राज्याने दिल्लीपर्यंत मजल मारली तर ते उभे राहते, आणि पुष्कळ डावांत कोणीच तेवढी मजल मारत नाही. तुमच्या वडिलांना १५१० मध्ये दिल्लीवर जो भलता रंग दिसला, तो या खेळाचा दोष नसून स्वभाव आहे, आणि तो घालवणारी कोणतीही सेटिंग नाही.

थोडे वळण देता येते, तेवढे मात्र करावे. डाव मांडताना ‘लकी नेशन्स’ नावाची एक निवड दिसते. तिचे पर्याय तीन: ऐतिहासिक, यादृच्छिक आणि नाही. ऐतिहासिक ठेवले तर जी राज्ये त्या काळात खरोखर मोठी झाली, उदाहरणार्थ ऑटोमन, त्यांना संगणकाच्या हाती असताना थोडा जादा जोर मिळतो. हाही पासंगच, पण तो कालौघाच्या बाजूने टाकलेला. निव्वळ समतोल लढत हवी असेल तर ‘नाही’ निवडतात, आणि माझे काही खेळगडी तोच एक प्रामाणिक पर्याय मानतात. तुमच्या घरासाठी मी ‘ऐतिहासिक’ सुचवतो. दख्खनमधल्या तुमच्या लढाईवर त्याचा रोजचा फरक फारसा जाणवणार नाही, पण शंभर वर्षांनी नकाशा लांबून पाहिला तर वडिलांना तो ओळखीचा वाटण्याची शक्यता वाढते. त्याच पडद्यावर अमेरिका खंडाचा भूगोल नव्याने बनवणारी ‘रँडम न्यू वर्ल्ड’ ही निवड दिसली तर ती बंदच ठेवावी.

सुरुवातीची तारीख पुढची घेता येते, आणि इतिहासाच्या शिक्षकाला साहजिकच शिवकाळात जावेसे वाटेल. तो मोह टाळावा असे मी म्हणेन. निर्मात्यांचा हात वर्षानुवर्षे १४४४ वरच फिरला आहे. राज्यांची उद्दिष्टे, घटना आणि समतोल त्या तारखेला धरून बेतलेले आहेत. पुढच्या तारखांना नकाशा उघडतो, पण घर शिफ्ट केल्यावर महिनाभर जसे वाटते तसे तिथे वाटते. सामान आहे, पण जागच्या जागी नाही. मराठ्यांचे राज्य या खेळात उभे करता येते, मात्र ते मराठी संस्कृतीच्या एखाद्या राज्याने पुरेसा मुलूख मिळवून घोषित करायचे असते. वडिलांना थेट मराठ्यांकडून खेळायचे असेल तर त्याची वेगळी सोय आहे, ती पुढे सांगतो.

तोवर वडिलांसाठी माझी एक सूचना आहे. नवा डाव मांडाल त्या पहिल्या रात्री घड्याळ चालूच करू नका. स्पेसबार न दाबता तासभर नुसता नकाशा पाहा. माउस मुलाच्या हातात द्या आणि कोणत्या राज्यावर क्लिक करायचे ते वडिलांना सांगू द्या. या खेळातला सर्वांत खरा दिवस पहिलाच आहे, आणि तो बहुतेक खेळाडू घाईघाईने ओलांडतात.

‘आयर्नमॅन’बद्दल माझे मत चिरंजीवांना आवडणार नाही. या प्रकारात डाव हवा तेव्हा वेगळा जतन करता येत नाही, एकच फाइल राहते आणि घडले ते घडले. खेळाच्या शिस्तीसाठी तो उत्तम आहे, यात वाद नाही. पण तो घेण्याआधी खेळातली बटणे ओळखीची असली पाहिजेत. मी नवखा असताना शेजारच्या एका लहान राज्यावर युद्ध पुकारले. युद्ध पुकारण्याच्या खिडकीत त्याच्या मदतीला कोण येणार त्यांची चिन्हांसह यादी असते, ती मी वाचलीच नाही, आणि माझ्या तिप्पट सैन्य असलेला त्याचा मित्र दुसऱ्याच दिवशी सीमेवर उभा राहिला. ‘आयर्नमॅन’मध्ये ती चूक चाळीस वर्षे निस्तरावी लागली असती. पहिला डाव त्याशिवाय खेळा, आणि घरात एक नियम करा: बोट चुकले किंवा खिडकी वाचायची राहिली तर मागे जायचे, युद्ध हरले म्हणून जायचे नाही. कोणते काय होते याचा निवाडा वडिलांनी करावा. आपोआप जतन होण्याची मुदत वर्षभरापेक्षा जास्त ठेवू नका. डेस्कटॉप असता तर मी त्याहून कमी सांगितली असती, कारण पावसाळ्यात वीज किती विश्वासाची आहे ते आपण सगळेच जाणतो.

आता वेळेविषयी. १४४४ ते १८२१ म्हणजे पावणेचारशे वर्षांहून थोडा जास्त काळ. रोजच्या तासात तुमची आठ-दहा वर्षे सरली तर पूर्ण डावाला चाळीसएक रात्री लागतील, आणि युद्धे लांबली तर त्याहूनही जास्त. हे ऐकून घाबरू नका; मीही आजवर शेवटच्या तारखेपर्यंत दोनदाच गेलो आहे. खेळाचे घड्याळ पाच वेगांनी चालते. शांततेत तिसरा आणि युद्धात दुसरा वेग ठेवावा, म्हणजे फौजा डोळ्यांदेखत हलतात. पाचवा वेग ज्याला खेळ पाठ आहे त्याच्यासाठी आहे, आणि तुमच्या लॅपटॉपच्या तापण्यात त्याचाही वाटा असावा, असा मला दाट संशय आहे.

ज्या सेटिंगकडे कोणीच लक्ष देत नाही आणि जिच्यावर तुमचा तास खऱ्या अर्थाने अवलंबून आहे, ती म्हणजे संदेशांची. खेळात सतत काही ना काही घडत असते: कोणी लग्नसंबंध जोडतो, कोणाचे जहाज बांधून पूर्ण होते, कोणी कर्ज फेडतो, कोणी युद्ध पुकारतो. यातला प्रत्येक प्रकार तुम्हाला कसा कळवायचा, हे संदेशांच्या सेटिंगमध्ये स्वतंत्रपणे ठरवता येते. फक्त नोंदवहीत लिहायचा, पडद्यावर खिडकी उघडून दाखवायचा, की खिडकी उघडून घड्याळही थांबवायचे. मुळात जी रचना येते ती नवख्याला अर्धवट गैरसोयीची आहे. बिनमहत्त्वाच्या खिडक्या पडद्यावर गर्दी करतात आणि महत्त्वाची बातमी कोपऱ्यात एका ओळीत निघून जाते. बहमनींनी तुमच्यावर युद्ध पुकारले हे तुम्हाला त्यांची फौज तुंगभद्रेपाशी आल्यावर कळत असेल, तर दोष तुमचा नाही.

यासाठी एक रात्र खर्च करावी. तुमच्यावर युद्ध पुकारले जाणे, मित्रराज्याने युद्धात बोलावणे, वेढा संपणे, राजाचा मृत्यू, तहाची मुदत संपणे आणि बंड उठणे, इतक्या गोष्टींना घड्याळ थांबले पाहिजे. जहाज आणि इमारत पूर्ण होणे नोंदवहीत पुरे. युरोपातली लग्ने तुम्हाला १५०० पर्यंत तरी कळली नाहीत म्हणून बिघडत नाही. ही यादी एकदम पक्की होत नाही. खेळता खेळता एखादी खिडकी तिसऱ्यांदा नकोशी झाली की तिच्यावरूनच तिची वागणूक बदलता येते, आणि पंधरा दिवसांत घडी बसते. घड्याळ आपोआप थांबू लागले की तिघांना बोलायला वेळ मिळतो. वडिलांनी मुद्दा सांगायला सुरुवात करावी आणि तेवढ्यात पडद्यावर दोन वर्षे उलटून जावीत, असे होत नाही.

तिसऱ्या डावाचे तुम्ही जे वर्णन केले आहे त्यावर मात्र कोणत्याही सेटिंगचा उतारा नाही. पाच प्रांत एका तहात घेतलेत, तेव्हा आसपासच्या राज्यांच्या मनात तुमच्या विस्ताराची धास्ती एकदम चढली. खेळ ती आकड्यात मोजतो. एखाद्या राज्याच्या मनातला हा आकडा ५० च्या वर गेला आणि त्याचे तुमच्याविषयीचे मतही वाईट असले की ते तुमच्याविरुद्धच्या युतीत सामील होऊ शकते. बहमनींचे सधर्मी आणि जवळचे शेजारी म्हणून माळवा आणि गुजरात यांच्या मनात तो सर्वांत वेगाने चढणार, हे ओघानेच आले. तहाच्या पडद्यावर प्रांत निवडताना माउस थोडा वेळ स्थिर ठेवला तर कोणाची नाराजी किती वाढेल ते आधीच दिसते. पुढच्या वेळी दोन, फार तर तीन प्रांत घ्या, बाकी खंडणी वसूल करा आणि तहाची मुदत संपेपर्यंत जिंकलेला मुलूख पचवा. ‘नॉर्मल’वरही हेच झाले असते, फक्त तुम्ही थोडे जास्त टिकला असता. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर पातळी बदलूनही युती उभी राहिली की तुम्ही पुन्हा मलाच दोष द्याल.

लॅपटॉप तापण्याचे कारण निम्मे खेळात आणि निम्मे मांडीत आहे. मांडीवर, गादीवर किंवा सोफ्याच्या हातावर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बंद होते. तो टेबलावर ठेवा आणि मागच्या दोन कोपऱ्यांखाली दोन जाड वह्या सरकवा. माझ्या नेरूळच्या घरी अनेक वर्षे कॅरमच्या दोन सोंगट्या हेच काम करत आहेत, आणि सोंगट्या हरवल्याबद्दलची कुरबुरही तितकीच वर्षे चालू आहे. यंत्र दोन-तीन वर्षांचे असेल तर आतला पंखा साफ करून घ्या. खेळात झाडे, सावल्या, पाण्यावरची चमक आणि कडा गुळगुळीत करणारी सोय ही चारही खाली आणा किंवा बंद करा. हा नकाशा वाचण्याचा खेळ आहे; अरबी समुद्र चमकला नाही म्हणून तुमचा व्यापार बुडत नाही.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. तुम्ही घड्याळ थांबवून बोलत बसता तेव्हाही यंत्र तेच चित्र सेकंदाला साठ वेळा, मोकळे सोडले तर त्याहूनही अधिक वेळा, पुन्हा पुन्हा काढत असते. म्हणून ग्राफिक्सच्या नियंत्रण-पटलातून या खेळापुरती सेकंदाला ३० चित्रांची मर्यादा घाला. तलवारबाजीच्या खेळात ते डोळ्याला खुपेल, पण इथे माउस किंचित जड वाटण्यापलीकडे काही जाणवणार नाही आणि पंख्याची घरघर पहिल्याच रात्री उतरेल. पडद्याचे रिझोल्यूशन मात्र कमी करू नका, अक्षरे फुटतात. उलट वडिलांसाठी अक्षरांचा आणि खिडक्यांचा आकार मोठा करण्याची सोय वापरा.

सोळाव्या-सतराव्या शतकात गेल्यावर खेळ संथ होऊ लागला तर कोणाच्या सांगण्यावरून खर्चात पडू नका. माझ्या जुन्या संगणकाबाबत असेच झाले, तेव्हा एका दुकानदाराने मला नवे ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारले. समुद्र सुंदर दिसू लागला, पण एक वर्ष सरायला जितकी मिनिटे आधी लागत होती तितकीच लागत राहिली. शेकडो राज्यांचे निर्णय दररोज मोजण्याचे काम मुख्य प्रोसेसरचे असते, चित्र काढणाऱ्या कार्डाचे नव्हे. जोडभाग, म्हणजे डीएलसी, पहिला डाव संपेपर्यंत घेऊ नयेत, एवढेच पैशांविषयी.

वडिलांच्या मराठ्यांविषयी सांगायचे राहिले. ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा २००९ चा खेळ आता बराच स्वस्त मिळतो. त्याची मुख्य मोहीम १७०० साली सुरू होते, हिंदुस्थान हा त्यातला एक स्वतंत्र रंगमंच आहे, आणि खेळता येणाऱ्या सत्तांमध्ये मराठे पहिल्या दिवसापासून आहेत. त्या वर्षाचे महत्त्व वडिलांना सांगण्याची गरज नाही: मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. खेळातही मुघलांशी युद्ध चालू असतानाच तुम्ही उतरता. मोठा नकाशा आळीपाळीने चालतो, एका वर्षाच्या दोन खेळी, म्हणजे घड्याळाची घाई मुळीच नाही. तुमच्या वडिलांना ही चाल अधिक मानवेल, असा माझा अंदाज आहे.

तिथे मोहिमेची आणि लढाईची काठिण्यपातळी वेगवेगळी ठेवता येते. दोन्ही ‘नॉर्मल’ ठेवा. पुढे चिरंजीवांना खुमखुमी आलीच तर मोहिमेची वाढवा, लढाईची नको, कारण लढाईत पासंग वाढला की समोरचे साधे शिपाईही पळायचे नाव घेत नाहीत आणि ते पाहायला बरे वाटत नाही. पलटणींचा आकार मोहीम सुरू करण्याआधीच ठरवा, मध्येच बदलला तर चालू मोहिमेला लागू होत नाही. तुमच्या लॅपटॉपला मध्यम पुरे. छोटी मोहीम निवडली तर ती १७५० ला संपते, म्हणजे शंभर खेळ्या. ठाण्याचे कारागृह आज ज्या किल्ल्यात आहे तो मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला १७३७ मध्ये, आणि वसई पडली १७३९ मध्ये. दोन्ही याच मुदतीत बसतात. नकाशावर ठाणे शोधायला जाऊ नका, प्रदेश फार मोठे धरले आहेत आणि ठाण्याला त्यात जागा नाही. वडील पुन्हा खुर्चीवरून उठू नयेत म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

चिरंजीवांना ‘व्हेरी हार्ड’ आणि ‘आयर्नमॅन’ हवेच असेल तर दिवाळीच्या सुट्टीत त्यांना त्यांचा स्वतंत्र डाव मांडू द्या, वेगळ्या नावाने, दिवसा. रात्रीच्या तासात तो डाव उघडायचा नाही, एवढी अट पुरे.

तुमच्या पत्नीचा उल्लेख पत्रात एकदाच आला आहे, त्यावरून मी असे धरून चालतो की साडेनऊनंतर त्या दुसऱ्या खोलीत असतात आणि युद्धाचे नगारे त्यांनाही ऐकू जातात. खेळात संगीताचा आणि इतर आवाजांचा जोर वेगवेगळा ठेवता येतो. संगीत शून्यावर आणा, पण इतर आवाज थोडा राहू द्या. तिघेही पडद्यावरून नजर काढून बोलत असताना नवी खिडकी उघडली, हे त्या एका ठोक्यावरूनच कळते.